१७८ एमबी मोकळी, तरी ६४ केबी मिळेना

लिनक्सच्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये ‘पेज ॲलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:४’ अशी ओळ आली की बहुतेकांचा हात आधी ‘फ्री’ कमांडकडे जातो. तिथे भरपूर मेमरी मोकळी दिसते आणि गोंधळ आणखी वाढतो. खरं उत्तर त्याच लॉगमध्ये थोडं खाली, मेमरीच्या हिशेबात असतं. नमुन्यादाखल ही ओळ बघा:

नोड ० नॉर्मल: १८४३२*४केबी ९२१०*८केबी २१०५*१६केबी ३७*३२केबी ०*६४केबी ०*१२८केबी ०*२५६केबी ०*५१२केबी ०*१०२४केबी ०*२०४८केबी ०*४०९६केबी = १८२२७२केबी

बेरीज १७८ एमबी. पण त्यातला सगळ्यात मोठा सलग तुकडा ३२ केबीचा. मागणी होती ऑर्डर ४ ची, म्हणजे १६ पेजेस, ६४ केबी. ती मिळणार कुठून? कर्नलमध्ये मोठा ब्लॉक मागताना ‘मेमरी किती आहे’ याला फारसा अर्थ नसतो. ‘सलग किती आहे’ आणि त्याआधी ‘सलग लागतेच का’ हे दोन प्रश्न खरे. दुसऱ्याचं उत्तर नीट दिलं तर पहिला बहुतेक वेळा उरतच नाही.

आधी यंत्रणा थोडक्यात. एक्स८६-६४ वर (इंटेल-एएमडीचे ६४ बिट प्रोसेसर) पेज, म्हणजे मेमरीचं मूळ एकक, ४ केबीचं. बडी ॲलोकेटर, म्हणजे कर्नलचा मुख्य मेमरी वाटपकर्ता, मोकळी पेजेस दोनाच्या घातांच्या तुकड्यांत ठेवतो: ऑर्डर ० म्हणजे १ पेज, ऑर्डर १ म्हणजे २, असं करत ऑर्डर १० म्हणजे १०२४ पेजेस, ४ एमबी. ही वरची मर्यादा. त्यापलीकडे बडीकडे मागितलंत तर तो शोधाशोधही करत नाही, एकदा वॉर्निंग छापतो आणि नल (रिकामा पॉइंटर) परत करतो. (आर्म६४ वर ६४ केबीची पेजेस निवडली तर ही मर्यादा पार ५१२ एमबीपर्यंत जाते, पण त्या भरवशावर ड्रायव्हर लिहू नये.) या मर्यादेचं नाव आणि अर्थ मध्यंतरी बदलला आहे. पूर्वी ‘मॅक्स ऑर्डर’ ११ होता आणि तो आकडा स्वतः धरायचा नसे. ६.४ पासून तो १० झाला आणि धरायचा झाला, आणि ६.८ मध्ये नावच ‘मॅक्स पेज ऑर्डर’ झालं. जुना आउट-ऑफ-ट्री (मूळ कर्नलबाहेर सांभाळलेला) ड्रायव्हर नव्या कर्नलवर आणताना लूपमधलं ‘पेक्षा कमी’ चिन्ह इथेच दगा देतं. कंपाइल होतं, आणि एक ऑर्डर कमी धरली जाते.

केमॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागायचं नेहमीचं फंक्शन) याच बडीवर उभा आहे. ८ केबीपर्यंतच्या मागण्या स्लॅबच्या (छोटे तुकडे वाटणाऱ्या थराच्या) ठरावीक मापांच्या कॅशेमधून भागतात: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६ बाइट्स आणि मग दुपटीने ८ केबीपर्यंत. त्याहून मोठी मागणी सरळ बडीकडे जाते आणि पुढच्या घातापर्यंत वाढवली जाते. ३३ केबी मागा, ६४ केबी जातात. २.१ एमबी मागा, ४ एमबी जातात, तेही सगळ्यात दुर्मीळ मापाचे. नेमकं हवं तेवढंच ठेवून उरलेली शेपूट परत करायची असेल तर ‘अलॉक पेजेस एक्झॅक्ट’ आहे. पण लक्षात ठेवा, तोही आधी अख्खा मोठा तुकडाच मिळवतो आणि मग कापतो. मिळण्याची अडचण तो सोडवत नाही, फक्त नासाडी वाचवतो.

आता या सगळ्यात एक आकडा सगळ्यात महत्त्वाचा: ३. कर्नलमध्ये त्याला ‘कॉस्टली ऑर्डर’ म्हणतात. ऑर्डर ३ पर्यंत, म्हणजे ३२ केबीपर्यंत, साध्या जीएफपी_कर्नल फ्लॅगने (मागणी कशी भागवायची ते सांगणारी खूण) मागितलं तर ॲलोकेटर जवळपास हट्टाने प्रयत्न करत राहतो. कॅशे रिकामी करतो, पेजेस हलवतो, गरज पडली तर ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलरला बोलावून एखादी प्रोसेस मारतो. ऑर्डर ४ पासून मात्र वागणूक बदलते. काही प्रयत्न होतात, पण ओओएम किलर येत नाही. एखादी प्रोसेस मारून सलग ६४ केबी मिळतीलच असं नसतं, मग मारायची कशाला? तेव्हा नल परत येणं ही तिथे नेहमीची गोष्ट आहे. ३२ केबीला वर्षानुवर्षं चाललेला कोड बफर ४० केबी केल्यावर कधीमधी पडायला लागतो, त्याचं कारण हेच. बदल छोटा दिसतो, पण नियम बदललेला असतो.

फ्लॅग्ज यावरच काम करतात. ‘नो-रिट्राय’ म्हणजे एकदा हलकेच बघ, नसेल तर सोड. ‘रिट्राय-मेफेल’ म्हणजे नेटाने प्रयत्न कर, पण कोणाला मारू नकोस, आणि शेवटी नाही म्हटलंस तरी चालेल. मोठ्या ब्लॉकसाठी हाच बहुतेकदा योग्य. हा ४.१३ पासून आहे, त्याआधी ‘रिपीट’ नावाचा फ्लॅग होता. ‘नोफेल’ मोठ्या ऑर्डरला लावू नका. ऑर्डर १ च्या वर तो लावला की कर्नल स्वतःच वॉर्निंग देतो, आणि नाही मिळालं तर तो थ्रेड तिथेच फिरत बसतो. जीएफपी_ॲटॉमिकने मोठा ब्लॉक मागणं तर जुगारच. त्या संदर्भात झोपता येत नाही, म्हणजे थेट रिक्लेम (वापरातली पेजेस परत मिळवणं) नाही आणि कॉम्पॅक्शनही (पेजेस सरकवून जागा सलग करणं) नाही. त्या क्षणी जे पडलेलं असेल ते मिळेल. जंबो फ्रेमसाठी (नेहमीपेक्षा मोठं नेटवर्क पॅकेट) ९००० बाइट्सचा सलग बफर इंटरप्टमध्ये मागणाऱ्या नेटवर्क ड्रायव्हरचं हेच होतं: ९००० चे १६ केबी होतात, ऑर्डर २, आणि ट्रॅफिकच्या गर्दीतच ते मिळत नाहीत. तिथे एक-एक पेज घेऊन फ्रेम तुकड्यांत उतरवणं हाच मार्ग.

मग तुकडे होतातच का? कारण कर्नलची सगळी पेजेस हलवता येत नाहीत. यूझर प्रोसेसची पेजेस आणि फाइल कॅशे हलवता येतात: मजकूर दुसरीकडे कॉपी करायचा, पेज टेबल (कोणता आभासी पत्ता कोणत्या फिजिकल पेजवर, याचा तक्ता) किंवा कॅशेतली नोंद बदलायची, झालं. पण केमॅलॉकने दिलेल्या पत्त्याचा पॉइंटर कोणत्या स्ट्रक्टमध्ये जपून ठेवलाय हे कर्नलला माहीत नसतं, म्हणून ते पेज जिथल्या तिथे राहतं. एसटीत चार सलग सीट हव्या असतील तर इतर प्रवाशांना विनंती करून सरकवता येतं, पण कंडक्टरची सीट हलत नाही, तसं. २ एमबीच्या पट्ट्यात असं एकच ४ केबीचं न हलणारं पेज बसलं की तो पट्टा २ एमबी म्हणून पुन्हा कधी मिळेल ते त्या पेजच्या मालकावर.

याच कारणाने कर्नल २ एमबीचे पेजब्लॉक करून त्यांवर हलणारे, न हलणारे आणि परत मिळवता येणारे अशा खुणा ठेवतो. मेल गॉर्मन यांचं हे काम २.६.२४ मध्ये आलं, आणि पाठोपाठ २.६.३५ मध्ये, २०१० साली, कॉम्पॅक्शन आलं. कॉम्पॅक्शनमध्ये दोन स्कॅनर असतात. एक झोनच्या (मेमरीच्या एका विभागाच्या) तळापासून वर जात हलवता येणारी पेजेस गोळा करतो, दुसरा वरून खाली येत मोकळ्या जागा शोधतो, आणि पहिल्याची पेजेस दुसऱ्याच्या जागांत जाऊन बसतात. दोघे भेटले की फेरी संपली. अडचण येते ती न हलणाऱ्या मागणीचे स्वतःचे ब्लॉक संपतात तेव्हा. मग ती हलणाऱ्यांच्या ब्लॉकमध्ये घुसते. मेमरीचा ताण वारंवार येणाऱ्या मशीनवर असं घुसणं साचत जातं. नुकत्याच बूट झालेल्या मशीनवर ड्रायव्हर तपासून ‘चालतंय’ म्हणणं म्हणूनच पुरेसं नसतं.

निदान करताना प्रॉकमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणारं फोल्डर) बडीइन्फो फाइल आधी उघडा. प्रत्येक झोनची एक ओळ, त्यात ११ आकडे, डावीकडून ऑर्डर ० ते १०. पाचव्या आकड्यापासून पुढे शून्यं असतील तर कॉस्टली मागण्या आता नशिबावर आहेत. कोणत्या प्रकारचे ब्लॉक किती हे पेजटाइपइन्फोमध्ये दिसतं, ती फक्त रूटला वाचता येते. मेमरीच कमी पडतेय की तुकडे झालेत, हे ओळखायला डीबगएफएसमधला (प्रॉकसारखंच, पण डीबगिंगसाठीचं फोल्डर) एक्स्टफ्रॅग इंडेक्स उत्तम. मूल्य ० कडे झुकलं असेल तर मेमरीची टंचाई, १ कडे झुकलं असेल तर तुकड्यांचा प्रश्न, आणि उणे १ म्हणजे त्या मापाची मागणी आत्ता पुरी होऊ शकते. व्हीएमस्टॅटमधले ‘कॉम्पॅक्ट स्टॉल’, ‘कॉम्पॅक्ट फेल’, ‘कॉम्पॅक्ट सक्सेस’ हे आकडे दोन वेळा घेऊन फरक बघा. फेल वेगाने वाढत असेल तर हलवण्यासारखं फारसं उरलेलं नाही. न हलणारी पेजेस कोणी घेतली हे हवं असेल तर कर्नल पेज ओनरसह बांधून बूटला ‘पेज_ओनर=ऑन’ द्यावं लागतं. मग प्रत्येक पेजमागचा कॉल ट्रेस मिळतो आणि गुन्हेगार सापडतो.

तात्पुरता उपाय म्हणून कॉम्पॅक्ट_मेमरी या सिसकंट्रोलमध्ये (चालू कर्नलच्या सेटिंगमध्ये) १ लिहिता येतो. सगळे झोन एकदा आवरले जातात. ५.९ पासून कॉम्पॅक्शन प्रोॲक्टिव्हनेस नावाचा ० ते १०० चा नॉब आहे, मूळ मूल्य २०. तो वाढवला की केकॉम्पॅक्टडी हा थ्रेड मागणी यायच्या आधीच पार्श्वभूमीवर आवराआवर करतो, आणि त्याची किंमत सीपीयू मोजतो. क्रॉनमध्ये ‘ड्रॉप कॅशेस’ला ३ लिहायची सवय मात्र मोडलेली बरी. त्याने पेजेस मोकळी होतात, पण ती सलग असतील याची काही हमी नाही. डेंट्री आणि आयनोडचे (फाइलींची नावं आणि माहिती) स्लॅब हलवता येत नसल्यामुळे ते गेल्याने थोडा फायदा होतो खरा, पण त्यापायी अख्खी फाइल कॅशे फेकून डिस्कला कामाला लावणं महाग पडतं.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सलग लागतं कोणाला? सीपीयूला नाही. सीपीयू आभासी पत्त्यांवर चालतो, त्यामागची फिजिकल पेजेस कुठेही विखुरलेली असोत. सलग फिजिकल मेमरी लागते ती फक्त अशा हार्डवेअरला, जे स्वतः मेमरी वाचतं-लिहितं, ज्याला स्कॅटर-गॅदर यादी (विखुरलेल्या तुकड्यांची यादी) समजत नाही, आणि ज्याच्यापुढे आयओएमएमयू (डिव्हाइससाठी पत्ते बदलून देणारं हार्डवेअर) नाही. या तिन्ही अटी एकदम लागू होत नसतील तर सलगचा हट्ट सोडा. हॅश टेबल, लॉगचा बफर, फर्मवेअरची इमेज, यूझरकडून आलेला मोठा ॲरे: यातल्या कशालाच सलग फिजिकल मेमरीची गरज नाही.

त्यासाठी व्हीमॅलॉक. तो एक-एक पेज घेतो आणि वेगळ्या पत्ता-प्रदेशात सलग चिकटवतो. किंमत किती? ६४ एमबीचं उदाहरण घेऊ. १६३८४ पेजेस. प्रत्येकाची पेज टेबलमधली नोंद ८ बाइट्सची, म्हणजे १२८ केबी, ३२ पेजेस. शिवाय कोणती पेजेस घेतली त्या पॉइंटरचा ॲरे, तोही १२८ केबी. हा ॲरे एका पेजपेक्षा मोठा असेल तर व्हीमॅलॉक तो स्वतःकडूनच मागतो! म्हणजे ६४ एमबीवर पाव एमबी वरखर्च, अर्धा टक्काही नाही. खरी किंमत टीएलबीची (पेज टेबलच्या अलीकडच्या नोंदी लक्षात ठेवणारी सीपीयूतली छोटी कॅशे). एक्स८६-६४ वर कर्नलचं लिनिअर मॅपिंग (सगळ्या रॅमचं सरळ, सलग मॅपिंग, केमॅलॉकचे पत्ते यातलेच) २ एमबी किंवा १ जीबीच्या मोठ्या पेजेसनी केलेलं असतं, तर व्हीमॅलॉकचं साधारणपणे ४ केबीच्या. मोठ्या टेबलात यादृच्छिक उड्या मारणारा कोड त्यामुळे मंदावतो. यासाठीच ५.१८ मध्ये व्हीमॅलॉक ह्यूज आलं, जे जमल्यास २ एमबीची पेजेस वापरतं.

व्हीफ्रीचा खर्च लोक विसरतात. मॅपिंग काढल्यावर सगळ्या कोअरच्या टीएलबीतून जुन्या नोंदी पुसाव्या लागतात. दर वेळी सगळ्या कोअरना इंटरप्ट पाठवणं परवडत नाही, म्हणून कर्नल हे काम साठवून ठेवतो: कोअरच्या संख्येनुसार ठरणाऱ्या मर्यादेपर्यंत, ८ कोअरवर १२८ एमबीपर्यंत, आणि मग एकदम पुसतो. प्रत्येक रिक्वेस्टला व्हीमॅलॉक आणि शेवटी व्हीफ्री करणारा कोड या पुसण्याला वरचेवर आमंत्रण देतो. बफर एकदा घ्या आणि वापरत राहा. व्हीफ्री झोपू शकतं, तेव्हा स्पिनलॉक धरून ते बोलावू नका. इंटरप्टमधून बोलावलं तर ते काम वर्कक्यूवर ढकलतं, पण एनएमआयमधून (रोखता न येणाऱ्या इंटरप्टमधून) अजिबात चालत नाही.

६४ बिटवर व्हीमॅलॉकचा प्रदेश अवाढव्य आहे, चार पातळ्यांच्या पेज टेबलवर ३२ टीबी. ३२ बिटवर मात्र चणचण असते: एक्स८६ वर मूळ मूल्य १२८ एमबी, आर्मवर २४० एमबी. जुन्या ३२ बिट आर्म बोर्डवर ‘व्हीमॅप ॲलोकेशन फॉर साइज … फेल्ड’ असा मेसेज आला तर रॅम संपलेली नसते, पत्ते संपलेले असतात. प्रॉकमधल्या व्हीमॅलॉकइन्फोमध्ये कोणी किती जागा अडवली ते नावानिशी दिसतं, आणि बूटला ‘व्हीमॅलॉक=’ देऊन प्रदेश वाढवता येतो.

केमॅलॉक आणि व्हीमॅलॉक यांतलं काय निवडायचं हे आधी कळत नाही, कारण माप रनटाइमला ठरतं. म्हणून ४.१२ मध्ये, २०१७ साली, केव्हीमॅलॉक आलं. त्याआधी कर्नलभर लोकांनी हाच प्रकार आपापल्या हाताने लिहिला होता, प्रत्येकाचा थोडा वेगळा आणि बराचसा चुकीचा. केव्हीमॅलॉक आधी केमॅलॉक करून बघतं. माप एका पेजपेक्षा मोठं असेल तर ते वॉर्निंग बंद ठेवून आणि नो-रिट्राय लावून, म्हणजे उगाच कॉम्पॅक्शनचा धिंगाणा न घालता. नाही मिळालं तर व्हीमॅलॉक. सोडताना केव्हीफ्री, दुसरं काही नाही. शून्याने भरून हवं असेल तर केव्हीझॅलॉक, ॲरे हवा असेल तर केव्हीमॅलॉक ॲरे किंवा केव्हीकॅलॉक.

यातली सगळ्यात छुपी चूक: केव्हीमॅलॉकचा बफर डीएमएला (डिव्हाइसने स्वतः थेट मेमरी वाचणं-लिहिणं) देणं. टेबलावर मशीन ताजं असतं, केमॅलॉक यशस्वी होतं, पत्ता लिनिअर मॅपिंगमधला असतो, डीएमए मॅप सिंगल बिनबोभाट चालतं. टेस्ट पास, रिलीज पास. ग्राहकाकडे मशीन काही आठवडे चालू राहतं, तुकडे होतात, आणि एके दिवशी त्याच ओळीतून व्हीमॅलॉकचा पत्ता येतो. नवे कर्नल तिथे ‘रिजेक्टिंग डीएमए मॅप ऑफ व्हीमॅलॉक मेमरी’ असं बजावून नकार देतात. त्याआधीचे कर्नल त्या पत्त्यावर लिनिअर मॅपिंगचं गणित लावून भलताच फिजिकल पत्ता काढायचे, आणि डिव्हाइस तिथे मनमुराद लिहायचं. रिव्ह्यूमध्ये केमॅलॉकच्या जागी केव्हीमॅलॉक करणारा पॅच आला की पहिला प्रश्न हाच विचारा: हा बफर पुढे कुठे जातो? व्हीमॅलॉकचाच बफर डिव्हाइसला द्यायचा असेल तर व्हीमॅलॉक टू पेजने एक-एक पेज काढून स्कॅटरलिस्ट बांधा.

हीच गत स्टॅकची. ४.९ पासून एक्स८६-६४ वर कर्नल स्टॅक व्हीमॅलॉकच्या प्रदेशात ठेवायची सोय आली, आणि स्टॅकवरच्या छोट्या ॲरेतून यूएसबीला डेटा देणारे कित्येक ड्रायव्हर उघडे पडले. स्टॅकवरून डीएमए करायचा नाही हा नियम जुनाच होता, पाळत कोणी नव्हतं.

माप जर यूझरकडून येत असेल तर आणखी सावध. गुणाकार स्वतः करू नका. ३२ बिटवर ६५५३७ घटक गुणिले ६५५३६ बाइट्स याचं उत्तर ६५५३६ येतं, बाकी ओव्हरफ्लोमध्ये जातं. ॲलोकेशन आनंदाने यशस्वी होतं आणि लूप मात्र ६५५३७ घटक लिहितो. ॲरेवाली फंक्शन्स आणि स्ट्रक्ट साइज हा मॅक्रो यासाठीच आहेत. वरची मर्यादा स्वतः ठरवा, आणि यूझरच्या वतीने घेतलेली मेमरी त्याच्या सीग्रुपच्या (प्रोसेसच्या मर्यादा ठरवणाऱ्या गटाच्या) खात्यावर पडावी म्हणून जीएफपी_कर्नल_अकाउंट वापरा.

मोठी मापं किती घातक होऊ शकतात याचं उदाहरण म्हणजे जुलै २०२१ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने जाहीर केलेली कर्नलमधली सिकोया ही त्रुटी, सीव्हीई-२०२१-३३९०९. १ जीबीपेक्षा लांब पाथ होईल इतक्या खोल डिरेक्टऱ्या करायच्या, ते माउंट करायचं, डिरेक्टरी काढून टाकायची आणि प्रॉकमधली माउंटइन्फो (माउंटची यादी) वाचायची. सेक फाइलचा (प्रॉकमधल्या अशा फाइलींचा मजकूर तयार करणारा कर्नलचा भाग) बफर मावत नाही म्हणून दुप्पट-दुप्पट होत २ जीबीला पोचतो. व्हीमॅलॉकमुळे तो मिळतोही! मग ते माप साइज_टीमधून साध्या इंटमध्ये जातं, ऋण होतं, आणि बफरच्या सुरुवातीच्या २ जीबी मागे ‘//डिलिटेड’ ही अक्षरं लिहिली जातात. एवढ्यावरून साधा यूझर रूट झाला. त्यानंतर सेक फाइलला मर्यादा आलीच, शिवाय केव्हीमॅलॉकही इंटच्या कमाल मूल्यापेक्षा मोठी मागणी वॉर्निंग देऊन नाकारू लागलं. मला हा निर्णय पटतो. कर्नलमध्ये २ जीबीचा एकच ब्लॉक मागणाऱ्याने निदान तसं जाणूनबुजून, व्हीमॅलॉकचं नाव घेऊन मागावं.

आता खरोखर सलग लागणाऱ्यांकडे येऊ. आयओएमएमयू नसलेल्या बोर्डवरचा कॅमेरा, डिस्प्ले, व्हिडिओ डिकोडर. एनव्ही१२ (पिक्सेलला दीड बाइट घेणारा व्हिडिओ फॉरमॅट) मधली १९२०×१०८० ची एक फ्रेम ३११०४०० बाइट्सची, म्हणजे ७६० पेजेस. ४के फ्रेम १२४४१६०० बाइट्सची. पहिली बडीच्या ४ एमबीत कशीबशी बसते, तीही पाव जागा वाया घालवून. दुसरी बसतच नाही. यासाठी सीएमए (कंटिग्युअस मेमरी ॲलोकेटर) आहे, ३.५ कर्नलपासून, २०१२ साली आलेलं. बूटच्या वेळी एक सलग प्रदेश बाजूला ठेवला जातो, पण रिकामा पडू दिला जात नाही: हलवता येणारी पेजेस त्यात वस्तीला येतात. ड्रायव्हरने डीएमए अलॉक कोहेरंट (डीएमएसाठी बफर मागायचं फंक्शन) केलं की त्या पट्ट्यातली पेजेस बाहेर हलवली जातात आणि नेमकी ७६० पेजेस हाती येतात, १०२४ नाही. सुरुवात मात्र अलाइनमेंटनुसार होते, कॉन्फिगमधलं मूळ मूल्य ८, म्हणजे १ एमबीच्या सीमेवर. त्यामुळे फ्रेमांमध्ये थोड्या फटी राहतात, प्रदेशाचं माप ठरवताना त्या धरा. १०८०पी च्या अशा फ्रेमला व्यवहारात ३ एमबी मोजा, ४के ला १२, गुणिले बफरची संख्या, आणि वर डिस्प्ले वेगळा: ४ बाइट पिक्सेलची १०८०पी फ्रेम ८२९४४०० बाइट्सची, तिला ८ एमबी.

माप बूट पॅरामीटरने देता येतं, ‘सीएमए=२५६एम’, किंवा डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डवरच्या हार्डवेअरचं वर्णन करणारी फाइल). रास्पबेरी पायवर कॉन्फिग फाइलमधल्या व्हीसी४-केएमएस-व्ही३डी ओव्हरलेला सीएमए-२५६ असा पर्याय जोडतात. पाय ४ वरच्या काही पेरिफेरल्सना पहिल्या १ जीबीपलीकडची मेमरी दिसतच नाही, म्हणून ८ जीबीचा बोर्ड असला तरी सीएमए त्या १ जीबीतच बसवावा लागतो. ‘८ जीबी आहे, मग २ जीबी सीएमए देऊ’ हा हिशेब तिथे लागू पडत नाही.

सीएमए फसतो तो दोन प्रकारे. एक, आत वस्तीला आलेलं पेज कोणीतरी धरून ठेवलेलं असतं, मग ते हलत नाही. लॉगमध्ये ‘पीएफएनएस बिझी’ अशा ओळी येतात. अशी एखादी ओळ आली म्हणून घाबरायचं कारण नाही, सीएमए पुढच्या पट्ट्यावर प्रयत्न करतो. शेवटी ‘अलॉक फेल्ड’ आणि उणे १२ (मेमरी नाही) किंवा उणे १६ (जागा व्यस्त) आला तरच खरं अपयश. पण या प्रयत्नांना वेळ लागतो, तेव्हा स्ट्रीमिंग चालू असताना फ्रेममागे ॲलोकेशन नको. स्ट्रीम सुरू करताना सगळे बफर घ्या. दुसरा प्रकार उलटा आहे: सीएमए भलताच मोठा ठेवला तर मेमइन्फोमध्ये मेमफ्री भरपूर दिसते, पण ती सगळी सीएमएफ्री असते. न हलणाऱ्या मागणीला त्यातलं एक पेजही मिळत नाही, आणि २०० एमबी मोकळी असताना साधी ऑर्डर ० ची मागणी पडते किंवा ओओएम किलर धावतो. मेमफ्रीमधून सीएमएफ्री वजा करूनच काय ते बोला.

सीएमएवरही भरवसा नको असेल, म्हणजे बफर मिळालाच पाहिजे आणि लगेच मिळाला पाहिजे, तर डिव्हाइस ट्रीच्या रिझर्व्ह्ड-मेमरीमध्ये तो प्रदेश पूर्ण राखून ठेवा. मेमरी कायमची अडकते, पण वाद संपतो. कर्नल स्वतःही तेच करतो: एखाद्या १६ जीबीच्या मशीनच्या बूट लॉगमध्ये डेंट्री कॅशेच्या हॅश टेबलची ऑर्डर १२, १६ एमबी, अशी नोंद सापडते. बडी जे देऊच शकत नाही ते मेमब्लॉककडून (बूटच्या सुरुवातीचा वाटपकर्ता), बडी सुरू व्हायच्या आधीच घेतलेलं. उलट हार्डवेअर नवं असेल आणि आयओएमएमयू असेल तर डीएमए अलॉक कोहेरंट विखुरलेली पेजेस घेऊनही डिव्हाइसला सलग पत्ता दाखवतं, सीएमएची गरजच संपते.

शेवटी टेस्टिंग. अपयशाची वाट बघत बसू नका, ते मागवून घ्या. फेल पेज अलॉक हा पर्याय चालू करून कर्नल बांधा. डीबगएफएसमधल्या त्याच्या फोल्डरमध्ये मिन-ऑर्डर ४ करा म्हणजे फक्त कॉस्टली मागण्या पडतील, प्रोबॅबिलिटी १०० आणि टाइम्स उणे १ करा म्हणजे प्रत्येक वेळी पडतील. इग्नोर-जीएफपी-वेट हे मूळचं चालू असतं, म्हणजे झोपू शकणाऱ्या मागण्यांना हात लागत नाही. ते बंद केलं नाही तर जीएफपी_कर्नलच्या मागण्या पडणारच नाहीत आणि टेस्ट पास झाल्याचा भास होईल. मग ड्रायव्हर लोड करा, स्ट्रीम सुरू करा, बंद करा, अनलोड करा. केव्हीमॅलॉकचा ३२ केबीहून मोठा प्रत्येक कॉल आता व्हीमॅलॉककडे जाईल, आणि त्यातला कुठला बफर डीएमएला जात होता ते पहिल्याच फेरीत कळेल.